बाळाची बाटली सोडवताना: सिपर, फुलपात्र आणि रात्रीचे नऊ

थोरल्याची दुधाची बाटली सुटली तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. सुटली कसली, वरचे पुढचे दोन दात किडले तेव्हा दंतवैद्यांनी ती सोडवायलाच लावली. धाकटीची चौदाव्या महिन्यात सुटली आणि तिने जेमतेम तीन रात्री घर डोक्यावर घेतलं. दरम्यान मी काही फार शहाणी झाले होते असं नाही. एवढंच कळलं होतं की कपाने प्यायला शिकवणं हे एक काम आणि बाटली सोडवणं हे दुसरं. पहिलं काम हाताचं आणि ओठांचं, सरावाने जमतं. दुसरं झोपेचं आहे. दुकानातून भारीतला सिपर आणला की दोन्ही होतील, असं थोरल्याच्या वेळी मला वाटलं होतं. आमच्या कपाटात तसे चार सिपर जमले होते.

सुरुवात उष्टावणापासून

बाळ सहा महिन्यांचं झालं, आधाराने नीट बसायला लागलं, मान सावरली आणि दिसेल ते तोंडात घालू लागलं, की कप दाखवायची वेळ झाली. आपल्याकडे उष्टावणही साधारण त्याच सुमारास होतं. मामाने वाटीतला घास भरवला की लगेच फुलपात्रातून पाण्याचा एक घोट द्यावा. त्या दिवशी पाणी पोटात जायलाच हवं असं नाही. ओठाला भांड्याची कड लागली तरी पुरे.

बालरोगतज्ज्ञ साधारण असं सांगतात: सहाव्या महिन्याच्या आसपास कपाची ओळख करून द्यावी आणि १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान बाटली पूर्ण बंद करावी. तुमचं मूल दोन वर्षांचं झालं असेल तर उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नका, आजपासून लागा. बाळ फक्त अंगावर पीत असेल तर बाटलीच्या वाटेला मुळीच जाऊ नका, थेट कपावर या. बाटलीची जाहिरात कुठे दिसत नाही हे तुमच्या लक्षात आलंय का? १९९२ च्या कायद्याने आपल्या देशात दुधाच्या बाटल्यांच्या आणि बाळाच्या डब्यातल्या दुधाच्या जाहिरातींवर बंदी आहे.

माझी आजी बाटलीला नाकं मुरडायची. तिच्या काळी बोंडलं होतं, म्हणजे बाळाला दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं. सराफ बाजारात विचारलं तर चांदीचं बोंडलं आजही मिळतं, बारशाला देतात ते. अगदी तान्ह्या किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना दवाखान्यातसुद्धा वाटी-चमच्याने किंवा अशाच चोचीच्या भांड्याने दूध पाजतात. सहा महिन्यांनंतर मात्र बोंडल्याचा उपयोग कमी, कारण त्यात ओतणारे आपण असतो. आता बाळाने स्वतः ओढायला शिकायचं असतं.

सिपर घेताना

आमच्या नाशिकात मेन रोडवर घ्या नाहीतर कॉलेज रोडवर, दुकानातच दोन गोष्टी करून बघा. नमुन्याच्या सिपरमध्ये थोडं पाणी भरून तो उलटा धरा. थेंबही गळला नाही तर आत वॉल्व्ह आहे. दुकानदार हे कौतुकाने सांगेल, "ताई, फरशीवर एक थेंब सांडणार नाही." पण वॉल्व्हच्या सिपरमधून पिण्यासाठी बाळाला बाटलीसारखंच जोर लावून चोखावं लागतं. म्हणजे नाव बदललं, बाटली तीच. दुसरी गोष्ट, घरी आणून धुतल्यावर आधी स्वतः पिऊन बघा. आपले गाल आत ओढले जात असतील तर बाळाची काय गत होईल!

मला आवडतो तो साधा सिपर असा: दोन्ही बाजूंना कान, मऊ आणि आखूड चोच, वॉल्व्ह नसलेला किंवा काढून ठेवता येणारा, १५० मिली किंवा त्याहून लहान. मोठा भरलेला सिपर बाळाला पेलत नाही आणि दूधही नको तितकं जातं. सुटे भाग मोजा. तीनपेक्षा जास्त असतील तर तो धुताना तुम्ही रोज शिव्या द्याल. आठ-नऊ महिन्यांनंतर स्ट्रॉचा कपही चांगला. स्ट्रॉने ओठ आणि जीभ वेगळ्या पद्धतीने वापरली जाते, बरीच मुलं चोचीला वैतागून स्ट्रॉवर पटकन येतात.

नाशिककर म्हणून एक वेगळी सूचना. भांडी बाजारात तांब्या-पितळेची इवलीशी फुलपात्रं इतकी गोजिरवाणी दिसतात की हात आवरत नाही. पाहुण्यांना दाखवायला घ्या, दुधासाठी नको. तांब्या-पितळेच्या भांड्यांतलं दूध आणि लहान मुलांच्या यकृताचा एक जीवघेणा आजार यांचा संबंध १९८० च्या दशकात पुण्यातल्या संशोधनातून पुढे आला होता. आपलं स्टीलचं छोटं फुलपात्र उत्तम. कड गोल वळवलेली हवी, धारदार नको.

सराव: रोज दोन घोट

बाळाला ताठ बसवा, पाठीला तुमच्या पोटाचा टेकू. फुलपात्रात दोन चमचेच पाणी घ्या. कड खालच्या ओठावर टेकवा आणि पाणी वरच्या ओठाला लागेल इतकंच भांडं तिरकं करा. मग थांबा. हे थांबणंच आपल्याला जमत नाही, आपण ओततो. बाळ जीभ बाहेर काढेल, कड चावेल, फुर्र करेल. मग एकदा ओठ मिटून ओढेल आणि स्वतःच चकित होऊन तुमच्याकडे बघेल.

ठसका लागला तर भांडं बाजूला करा, बाळाला थोडं पुढे झुकवा, श्वास सुरळीत होऊ द्या. अधूनमधून ठसका लागतोच. दर घोटाला लागत असेल किंवा दूध नाकातून येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात हा सराव सगळ्यात सोपा: दुपारी बाळ उघडं, फरशीवर जुनी चादर, सांडलं तर सांडलं. अंघोळीच्या टबात रिकामा कप खेळायला देणंही कामी येतं, फक्त अंघोळीचं पाणी पोटात जात नाही ना एवढं बघा. पिण्याचं पाणी उकळून गार केलेलं. पावसाळ्यात गोदावरीला पूर असतो त्या दिवसांत तर यात कसूर नको. सहा ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात १२० ते २४० मिली पाणी पुरतं. त्याचं मुख्य पोषण अजून दूधच असतं आणि जास्त पाण्याने पोट भरलं तर दूध कमी जातं.

एकेक बाटली काढायची

पाणी जमलं की त्याच कपात दूध. आईचं काढलेलं असो किंवा डब्यातलं, जे चालू आहे तेच. एक वर्षाच्या आत गाईचं-म्हशीचं वरचं दूध मुख्य पेय म्हणून देत नाहीत. आणि डब्यातलं दूध डब्यावर लिहिलंय तसंच कालवायचं, पातळ करायचं नाही.

क्रम असा ठेवा: आधी दुपारची बाटली, कारण तिच्यात बाळाचा जीव सगळ्यात कमी अडकलेला असतो. चार-सहा दिवसांनी संध्याकाळची. मग सकाळची. सकाळी बाळ भुकेलं असतं, त्यामुळे कपाशी भांडायला त्याला वेळ नसतो. रात्रीची सगळ्यात शेवटी.

ताप, लस टोचल्यानंतरचे दोन दिवस, पाळणाघराचा पहिला आठवडा, घरात दुसरं बाळ येण्याचे दिवस किंवा लग्नाचं गाव, यातलं काही असेल तर पुढे ढकला. आणि एकदा काढलेली बाटली परत आणू नका. हे लिहायला सोपं आहे, मला कल्पना आहे.

रात्रीचे नऊ

खरी लढाई इथे. थोरला बाटली तोंडात धरूनच झोपायचा आणि आम्ही दोघं सुटकेचा श्वास टाकायचो. तेव्हा त्याच्या तोंडात काय चाललंय हे मला नंतर दंतवैद्यांच्या खुर्चीशेजारी उभं राहून कळलं. झोपेत लाळ कमी होते. दूध तोंडात साचून राहतं, त्यातल्या साखरेवर जंतू पोसतात आणि त्यांच्या आम्लाने दात किडतात. खालचे दात जिभेखाली झाकलेले असतात म्हणून वाचतात, वरचे पुढचे आधी जातात. शिवाय आडवं पडून प्यायल्याने कानाचं दुखणंही वाढू शकतं.

धाकटीच्या वेळी आम्ही दूध आणि झोप यांची ताटातूट केली. नऊचं दूध साडेसातला आणलं, तेही हॉलमध्ये, दिवा चालू ठेवून, फुलपात्रातून. मग तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट लावून दात घासायचे. त्यानंतर झोपेची खोली, चादर, एकच गोष्ट रोज तीच, आणि थोपटणं. बाटलीची जागा रिकामी सोडलीत तर बाळ तीच मागेल, म्हणून तिथे दुसरं काहीतरी नेमाने हवं. आमच्याकडे ते सासूबाईंचं जुनं मऊ पातळ होतं.

शक्य असेल तर पहिल्या तीन-चार रात्री बाळाला दुसऱ्याने झोपवावं. आईचा वास आला की दुधाची आठवण येतेच. आमच्याकडे हे काम बाबाचं. त्याची नोकरी अंबडला शिफ्टमध्ये, म्हणून पहिल्या पाळीचा आठवडा बघूनच आम्ही मुहूर्त काढला. पहिल्या रात्री धाकटी पाऊण तास रडली, दुसऱ्या रात्री त्याहून जास्त. (दुसरी रात्र नेहमी जास्त वाईट असते असं मैत्रिणीही सांगतात.) चौथ्या रात्री ती पातळाचं टोक मुठीत धरून झोपली.

एकदम बंद करवत नसेल तर दुसरा मार्ग आहे, पण तो वर्ष पूर्ण झालेल्या आणि साधं दूध पिणाऱ्या मुलांसाठीच: रात्रीच्या बाटलीत दर दोन-तीन दिवसांनी दूध थोडं कमी, पाणी थोडं जास्त. शेवटी नुसतं पाणी उरतं आणि बऱ्याच मुलांचा त्यातला रस संपतो. पाण्याचीच बाटली मागणारी मुलंही असतात. त्यांची बाटली निदान दात तरी किडवत नाही.

रात्री उठून रडलं तर? एक वर्षापुढच्या, नीट वाढणाऱ्या, दिवसा नीट खाणाऱ्या मुलाला रात्रीच्या दुधाची गरज नसते. पाण्याचे दोन घोट द्या, थोपटा.

घरातली माणसं

सहाव्या दिवशी मला तांदळाच्या डब्यामागे एक भरलेली बाटली सापडली. "अगं, पोर उपाशी झोपतंय, माझ्याने बघवत नाही," सासूबाई म्हणाल्या. भांडण्यात अर्थ नव्हता, त्यांचा जीव तुटत होता हे खरंच होतं. मी म्हटलं, "आई, मग संध्याकाळचं दूध तुम्हीच पाजा, फुलपात्राने." त्या दिवसापासून ते खातं त्यांच्याकडे गेलं आणि माझ्यापेक्षा चांगलं चाललं. त्या मांडीवर घेऊन आधी स्वतः एक घोट प्यायच्या, रिकाम्या भांड्यातून, आवाज काढून. धाकटी लगेच हात पुढे करायची.

पाळणाघरातल्या मावशींनाही तोच कप नेऊन द्या आणि नीट सांगा. मामाकडे चार दिवस जाणार असाल तर फोन आधीच करा.

दूध कमी पितंय, आता?

कमी पिणारच, आणि बहुतेक वेळा ते बरंच असतं. एक वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरतं. त्याहून खूप जास्त प्यायलं तर जेवण मागे पडतं आणि लोह कमी होऊन रक्त कमी होतं. बाटलीवरची गुटगुटीत मुलं फिकी दिसतात त्यामागे अनेकदा हेच असतं. दही, पनीर, ताकभात, नाचणीची खीर यातून भरपाई होते. शूकडे लक्ष ठेवा. सहा-आठ तास शू झाली नाही, बाळ मलूल दिसलं किंवा वजन घटलं तर डॉक्टरांकडे जा.

कप प्रिय करायला त्यात साखर, बोर्नव्हिटा, रस घालण्याचा मोह टाळा. जानेवारी ते मार्च आपल्याकडे द्राक्षं मुबलक असतात, "थोडा द्राक्षांचा रस दे की" असं कुणीतरी म्हणेलच. वर्षाच्या आत कुठलाच रस नको. त्यानंतर फळच द्या. आणि अख्खं द्राक्ष लहान मुलाला कधीही नाही, घशात अडकतं. उभे चार काप करून द्या.

सिपरही सोडायचाय

सिपर म्हणजे पंचवटीतली धर्मशाळा, रात्रीपुरता मुक्काम. तिथे संसार थाटायचा नसतो. सिपर हातात घेऊन घरभर, गाडीत, बागेत दिवसभर घोट घोट दूध पिणाऱ्या मुलाचे दात बाटलीवाल्यासारखेच किडतात. शिवाय चोच तोंडात धरून पळताना मूल पडलं तर टाळूला इजा होते. म्हणून दूध बसून आणि जेवणाच्या वेळी, मध्ये फक्त पाणी. दीड-दोन वर्षांपर्यंत घरात फुलपात्र आणि प्रवासात स्ट्रॉची बाटली, एवढंच उरलं की झालं.

धुण्याचं एक सांगते, कारण हे मी चुकले होते. वॉल्व्ह आणि स्ट्रॉ रोज सुटे करून बारीक ब्रशने घासायचे आणि पूर्ण वाळवायचे. थोरल्याच्या सिपरचा वॉल्व्ह एकदा उलटा केला तर आत काळी बुरशी होती. डाग गेला नाही तर तो भाग टाका, उकळून वापरू नका.

उरलेल्या बाटल्या माळ्यावर ठेवू नका. मी ठेवल्या होत्या आणि थोरल्याच्या वेळी रात्री दोन वाजता स्टूलवर चढून एक काढली होती. धाकटीच्या वेळी निपल कात्रीने कापले आणि सकाळी घंटागाडी आली तेव्हा सगळं तिच्यात टाकलं.