'डिस्प्ले येत नाही': जुन्या डेस्कटॉपवर हात बसवायचा असेल तर

हार्डवेअर नेटवर्किंगचा कोर्स करून पोरं दुकानात कामाला येतात तेव्हा त्यांना पार्टची नावं सगळी पाठ असतात, फक्त समोर बंद पीसी ठेवला की पहिला हात कुठं लावायचा ते कळत नाही. म्हणून हे लिहितोय. मी तालुक्याच्या गावात रिपेरिंग करतो, लॅपटॉप येतातच, पण झेरॉक्सवाले, डीटीपीवाले, दूध डेअरी, दवाखान्यातलं काउंटर, शाळेची लॅब इथं अजून ड्युअल कोर, कोअर टू ड्युओ नाहीतर सेकंड-थर्ड जनरेशनचा आय-थ्री असे जुन्या प्रोसेसरचे पीसी चालूच आहेत, आणि मालकाला ते बदलायचे नसतात कारण त्यात जुनं सॉफ्टवेअर, जुने फॉन्ट, टॅलीचा डेटा असं काय काय असतं. तेव्हा या कामाला मरण नाही, निदान इतक्यात तरी.

कस्टमर फोनवर एकच वाक्य बोलतो, डिस्प्ले येत नाही. यावर लगेच मॉनिटर बघायला जायचं नाही. दहातल्या बहुतेक वेळा मॉनिटर ठणठणीत असतो, पीसीच सुरू झालेला नसतो. आधी विचारायचं, बटण दाबल्यावर फॅन फिरतो का, काही आवाज येतो का, कंपनीचा लोगो दिसतो का, की विंडोज येऊन मग काळं होतं. ही चार उत्तरं मिळाली की निम्मं काम झालं, कारण गाडी नेमकी कोणत्या स्टेशनला अडकली ते कळतं आणि त्याच्या मागचं सगळं सोडून देता येतं. आणि अजून एक हमखास विचारायचं, जागा हलवली होती का? दिवाळीच्या साफसफाईनंतर असे फोन वाढतात. कॅबिनेट उचलून पुसलं, परत ठेवताना रॅम हलली, नाहीतर ग्राफिक कार्ड असताना मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाच्या (मदरबोर्डच्या) पोर्टला लावली. जुन्या बऱ्याच बोर्डांवर कार्ड बसवलं की बोर्डाचा डिस्प्ले आपोआप बंद होतो, मग नो सिग्नल येणारच.

मॉनिटरचा संशय फेडायला एक मिनिट लागतं. पीसीकडून मॉनिटरला चित्र नेणारी व्हीजीए केबल काढा, मॉनिटर चालू करा. स्क्रीनवर नो सिग्नल किंवा चेक केबलचा डबा फिरायला लागला तर पॅनेल आणि बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) दोन्ही जिवंत आहेत. काहीच दिसत नाही पण पॉवरचा दिवा लागलाय, तर पीसीला परत जोडून अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा, पुसट चित्र दिसलं तर बॅकलाइट नाहीतर त्याला वीज देणारा मॉनिटरमधला इन्व्हर्टर गेलाय. सगळं पिवळट किंवा निळसर दिसत असेल तर एखादा रंग येत नाहीये, केबलचं टोक बघा, लाल-हिरवा-निळा पहिल्या तीन पिनांवर असतो, त्यातली एखादी वाकलेली सापडते, बारीक चिमट्यानं हळूच सरळ करायची. मात्र नऊ नंबरची पिन बऱ्याच केबलला मुळातच नसते, नवीन पोरं ती तुटली म्हणून केबल फेकायला निघतात. आणि आउट ऑफ रेंज असं येत असेल तर हार्डवेअरला हातच लावायचा नाही, कुणीतरी रिझोल्युशन वाढवलंय, विंडोज सेव्हनमध्ये सुरू होताना एफ-आठ दाबून लो रिझोल्युशनमध्ये जायचं आणि कमी करायचं.

आता पीसीच मेलेला असेल तर. फॅनच फिरत नाही म्हणजे आधी स्विचबोर्ड, पॉवर केबल, यूपीएस, आणि एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज देणारा डबा, त्याच्या मागचं छोटं बटण (हसू नका, झाडू मारताना पडतं ते). बोर्डावर बारीक एलईडी असेल आणि लागलेली असेल तर स्टँडबायचे (पीसी बंद असतानाही बोर्डाला मिळणारे) पाच व्होल्ट येतायत. मग समोरच्या पॉवर स्विचची वायर काढून बोर्डावरच्या त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरनं क्षणभर टेकवा, सुरू झाला तर स्विच खराब. उलटंही होतं, बटण आत अडकून राहतं, मग पीसी चालू होतो आणि चारेक सेकंदात आपोआप बंद. लोक इथं बोर्ड गेला म्हणून मोकळे होतात!

एसएमपीएस वेगळा तपासायचा तर चोवीस पिनाच्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि कुठलीही काळी वायर यू-पिननं जोडायची, फॅन फिरला की व्होल्ट मोजायला मीटर लावायचा. बाराच्या लाइनला 11.4 ते 12.6, पाचच्या लाइनला 4.75 ते 5.25 च्या आत पाहिजे. पण रिकामा चालला म्हणजे तो चांगलाच आहे असं नाही, लोड आल्यावर बसणारे एसएमपीएस भरपूर असतात, म्हणून दुकानात एक खात्रीचा एसएमपीएस वेगळा ठेवायचाच आणि तो लावून बघायचा. डबा मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात, शिकल्याशिवाय तिथं शहाणपणा नको.

फॅन फिरतो, दिवे लागतात, पण स्क्रीन काळी, ही खरी रोजची केस. आधी प्रोसेसरजवळचा चार पिनाचा बारा व्होल्टचा कनेक्टर लावलेला आहे का बघा, तो राहिला की अगदी असंच होतं. मग सगळं काढायचं. हार्डडिस्क, डीव्हीडी, ग्राफिक कार्ड, यूएसबीला लावलेलं काय असेल ते, फक्त बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम. आणि आता जे सांगतो ते लक्षात ठेवा, ती रॅमसुद्धा काढून पीसी चालू करा. बोर्डाला स्पीकर असेल आणि लांब लांब बीप येत राहिले तर आनंदी व्हा, बोर्ड आणि प्रोसेसर बोलतायत, ते रॅम मागतायत, बाकी दुरुस्ती सोपी. रॅम नसताना बीपच नाही, तर गाडा एसएमपीएस, प्रोसेसर, बोर्ड या तिघांत अडकलाय. हल्लीच्या कॅबिनेटमध्ये स्पीकरच देत नाहीत, त्यामुळे तो चार पिनाचा छोटा बझर खिशात ठेवायचा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किरकोळ पैशात मिळतो, आणि महागड्या टेस्टरपेक्षा जास्त कामाला येतो. बीपची भाषा बायोसप्रमाणे (बोर्डातला, पीसी सुरू करणारा प्रोग्राम) बदलते, म्हणून तक्ता पाठ करत बसू नका, बोर्डाचा मॉडेल नंबर बघून शोधा.

रॅमचं काम पावसाळ्यात जोरात. दमट हवेनं सोनेरी पट्टीवर थर बसतो. पॉवर केबल काढा, पॉवर बटण एकदा दाबून राहिलेला करंट जाऊ द्या, रॅम कडेला धरून काढा, शाळेतला पांढरा मऊ खोडरबर पट्टीवर दोन्ही बाजूंनी हलकेच फिरवा, शाईचा खरखरीत खोडरबर नको, तो पट्टी खरवडतो. चुरा कोरड्या ब्रशनं झाडा, स्लॉटही झाडा, त्यात तोंडानं फुंकर मारू नका, थुंकी उडते. बसवताना दोन्ही बाजूची क्लिप स्वतःहून टक् करून लागली पाहिजे. एका स्लॉटमध्ये नाही चालली तर दुसऱ्यात, एकेक करून.

बोर्ड उघडाच आहे तर प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर बघून घ्या. डोकं सपाट पाहिजे. फुगलेलं असेल, वर तपकिरी चिकट दिसत असेल तर कॅपॅसिटर गेला. नंतरच्या बोर्डांवर सॉलिड कॅपॅसिटर आले आणि हा त्रास कमी झाला. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, लो ईएसआर (आतला रोध कमी असलेला) आणि 105 डिग्रीचा. सोल्डरिंगला हात बसला नसेल तर आधी भंगार बोर्डावर सराव करा, कस्टमरच्या नाही.

लोगो येतो आणि पुढं अडकतं, तिथं मला सगळ्यात जास्त मजा येते. एका फोटो स्टुडिओवाल्याचा एच-61 बोर्डाचा पीसी आला होता, विंडोज सेव्हन सुरू होताना निळी स्क्रीन आणि परत रिस्टार्ट. त्यानं आधी एकाला दाखवलं होतं, तो म्हणाला फॉरमॅट मारावं लागेल, आणि आत लग्नाचे फोटो. निळी स्क्रीन पटकन जाते म्हणून मोबाइलनं व्हिडिओ काढला, कोड होता 0x0000007B. बायोसमध्ये गेलो तर तारीख कित्येक वर्षं मागं. म्हणजे सीमॉसचा सेल (बोर्डावरचा, तारीख आणि बायोसची सेटिंग जपणारा) संपला, लाइट गेल्यावर सेटिंग फॅक्टरीवर गेलं आणि साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा मोड एएचसीआयवरून आयडीईवर आला, विंडोजला आपली डिस्कच ओळखू येईना. नवा सीआर 2032 टाकला, मोड परत एएचसीआय, तारीख नीट, एफ-दहा दाबून सेव्ह. फोटो जागच्या जागी. सेल तीन व्होल्टचा असतो, मीटरवर पावणेतीनच्या खाली दिसला की बदलून टाका, त्यात विचार कसला करायचा. तारीख मागं गेली की ब्राउझरमध्ये सगळ्या साइट असुरक्षित दाखवतात, ती तक्रार घेऊनही लोक येतात आणि इंटरनेटवाल्याला शिव्या घालत असतात.

डिस्क बूट फेल्युअर आलं तर बायोसमध्ये डिस्क दिसते का ते पहिलं. दिसत नसेल तर साटाची केबल बदला, पोर्ट बदला. डिस्क टक् टक् वाजत असेल तर चालू-बंद करत बसू नका, डेटा महत्त्वाचा आहे का विचारा आणि हो म्हणाला तर तिथंच थांबा, रिकव्हरीवाल्याकडं पाठवा. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (त्यावरूनच, डिस्कशिवाय पीसी सुरू होतो) जवळ ठेवा, त्यावरून पीसी तासभर नीट चालला तर बोर्ड-रॅमवरचा संशय बराच कमी होतो आणि दोष डिस्कमध्ये नाहीतर विंडोजमध्ये शोधायचा.

फॉरमॅट हे शेवटचं औषध, आणि डेटाचं विचारून, शक्यतो व्हॉट्सॲपवर लिहून घेऊन. पैशाचंही आधी बोला. खोडरबर फिरवून पीसी चालू झाला की कस्टमर म्हणतो एवढंच केलं त्याचे कसले पैसे, म्हणून तपासणीचा चार्ज फोनवरच सांगायचा.

आणि दुरुस्त झालेला पीसी त्याच संध्याकाळी देऊ नका. प्लग काढून रात्रभर ठेवा, सकाळी थंड असताना एका दाबात चालू होतोय का बघा. थकलेला कॅपॅसिटर गरम असताना गुपचूप चालतो आणि थंडीतच दगा देतो, तो कस्टमरच्या घरी कळण्यापेक्षा आपल्या टेबलावर कळलेला बरा.