जुन्या भयपटांचं डेटा मायनिंग : या चुका टाळा

जुन्या भयपटांवर डेटा मायनिंग करणारे, म्हणजे त्यांच्या माहितीतून संगणकाने नमुने शोधणारे, बहुतेक जण अल्गोरिदमवर डोकं खपवतात. माझ्या मते खरी गडबड त्याच्या कितीतरी आधी होते. आपण नेमकी कोणती प्रत मोजतोय, हेच पाहिलेलं नसतं.

नावापासूनच बघा. १९३१ साली युनिव्हर्सल स्टुडिओने ‘ड्रॅक्युला’ दोनदा काढला. दिवसा टॉड ब्राउनिंगचं इंग्रजी युनिट आणि रात्री त्याच सेटवर जॉर्ज मेलफर्डचं स्पॅनिश. पहिला सुमारे ७५ मिनिटांचा, दुसरा १०४. नाव आणि वर्ष जुळवून तक्ते जोडले, तर एकाची लांबी दुसऱ्याच्या कलाकारांपुढे जाऊन बसते. म्हणून जोडणी आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या वेबसाइटच्या ‘टीटी’ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरच करा. आयएमडीबीच्या डेटा फायलींत माहिती नसेल तिथे बॅकस्लॅश आणि कॅपिटल एन असतो. पांडाजला, म्हणजे तक्ते हाताळणाऱ्या पायथनच्या लायब्ररीला, तो आपणहून कळत नाही आणि मिनिटांचा अख्खा कॉलम मजकूर ठरतो. फाइल वाचतानाच ही खूण रिकामी जागा म्हणून सांगून ठेवा.

मूकपटांत घोळ होतो तो वेगाचा. सेकंदाला १८ फ्रेमने दाखवायचा चित्रपट २४ ने चालवला, की ८ सेकंदांचा शॉट ६ सेकंदांचा होतो. मग दिग्दर्शक ‘वेगवान’ होता असा निष्कर्ष निघतो, आणि तो साफ चुकीचा असतो. प्रतीचा वेग कळत नसेल तर सेकंदांची तुलना सोडा. एकाच प्रतीतले शॉट एकमेकांच्या किती पट लांब आहेत, एवढंच मोजा.

रंगाचंही तसंच. मुर्नाउच्या ‘नोस्फेराटू’मधली (१९२२) रात्रीची दृश्यं दिवसा चित्रित करून निळी रंगवली होती. कृष्णधवल प्रतीत तो निळा रंग नसतो, त्यामुळे उजेडावरून रात्र ओळखणारा कोड तिथे भर दुपार दाखवतो!

शॉट आपोआप तोडणारी साधनं जुन्या प्रिंटच्या लुकलुकण्याला कट समजतात. किती बदल झाला की कट धरायचा ती मर्यादा वाढवली, तर डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य हळूहळू दुसऱ्यात विरघळतं ते बदल, निसटतात. दहा मिनिटांचा तुकडा हाताने मोजून ताडून पाहा, दुसरा उपाय नाही.

सबटायटलवरून भीती मोजणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं : १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधला बोरिस कार्लॉफचा राक्षस एक शब्दही बोलत नाही, म्हणजे त्याची भीती सबटायटलमध्ये येतच नाही. आवाज मोजणार असाल तर डिस्कही तपासा. इंग्रजी ‘ड्रॅक्युला’त मुळात संगीत जवळपास नाहीच. १९९९ मध्ये फिलिप ग्लासचं संगीत जोडलेली आवृत्ती घेतलीत, तर तुम्ही ग्लासला मोजताय.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालानुसार अमेरिकेतले सुमारे ७० टक्के पूर्ण लांबीचे मूकपट हरवले आहेत. त्यामुळे ‘विसाच्या दशकातले भयपट असे होते’ असं लिहू नका, ‘उरलेले भयपट’ असं लिहा. आयएमडीबीचं रेटिंगही आजच्या प्रेक्षकांचं आहे. तेव्हाचं मत हवं असेल तर मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीत त्या काळची व्यापारी मासिकं स्कॅन केलेली मिळतात. मात्र त्यांतला मजकूर यंत्राने वाचलेला आहे, तेव्हा नाव शोधताना चुकीची स्पेलिंगंही शोधा.