कबरीचा दगड कसा जपावा: पाणी, मऊ ब्रश आणि धीर

दिवाळी आटोपली आणि ऊन अजून कोवळे आहे, अशा एखाद्या सकाळी आजीच्या कबरीवर जायचे, हा आमच्या घरचा जुना नेम आहे. कोल्हापूरचा पावसाळा चार महिने मुक्काम ठोकतो, आणि तो सरल्यावर दफनभूमीतले दगड ओळखू येत नाहीत. काळा पाषाण हिरवा होतो, संगमरवरावर काळपट ओघळ उतरतात, आणि अक्षरांच्या खाचांत माती बसते. त्या सकाळी हाताला जे सापडेल ते घेऊन घासायला बसण्याचा मोह होतो. पंधरा वर्षांपूर्वी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, मीही तसाच बसलो होतो. फरशी धुण्याचे अ‍ॅसिड ओतून मी आजीचा संगमरवर घासला. तो पांढराशुभ्र झाला आणि घरच्यांनी कौतुकही केले. तीन पावसाळे गेल्यावर तिच्या नावातली वेलांटी पुसट झाली. आज त्या दगडावरून हात फिरवला, तर बारीक साखर सांडल्यासारखे दाणे बोटांना लागतात. पावसाने पन्नास वर्षांत जे केले नव्हते, ते मी एका दुपारी केले, आणि पुढे दिलेली पद्धत मी त्यानंतरच शिकलो.

ही पद्धत ख्रिस्ती दफनभूमीतल्या थडग्यांना लागू आहे, तशीच लिंगायत रुद्रभूमीतल्या समाध्यांना, कब्रस्तानातल्या कबरींना आणि शेताच्या बांधावरच्या घरगुती समाधीलाही लागू आहे. दगडाचा स्वभाव सगळीकडे सारखाच असतो.

पहिली पायरी: परवानगी आणि नोंद

कबर आपल्या घरातली असली तरी व्यवस्थापन पाहणाऱ्या मंडळाला, चर्चच्या पंचांना किंवा कब्रस्तानाच्या विश्वस्तांना आधी सांगावे. दुसऱ्याच्या कबरीला, ती कितीही दुर्लक्षित दिसली तरी, तिच्या वारसांना विचारल्याशिवाय हात लावू नये. दगड एखाद्या संरक्षित स्मारकाच्या आवारात असेल, तर केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा पुरातत्त्व कायदा लागू होतो, आणि तेथे साधी स्वच्छतासुद्धा संबंधित खात्यामार्फतच व्हायला हवी.

मग मोबाइलवर फोटो काढावेत: समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून, आणि लेखाचा जवळून. अक्षरे पुसट असतील तर सकाळी आठच्या सुमारास किंवा संध्याकाळी, उन्हाची तिरीप बाजूने पडत असताना जावे. ऊन आडवे आले की खाचांत सावली भरते आणि दुपारी कोरा वाटणारा दगड वाचता येतो. ऊन मिळत नसेल तर घरातला आरसा घेऊन जावा आणि त्याने प्रकाश एका कडेकडून दगडावर पाडावा. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू, पीठ किंवा दाढीचा फेस चोळण्याची युक्ती बरेच जण सांगतात, पण ती करू नये. खडूचे कण खाचांत अडकून राहतात, पिठावर बुरशी धरते, आणि फेसातली रसायने दगडात मुरतात.

दुसरी पायरी: दगड ओळखणे

आपल्याकडे जुन्या कबरींना बहुतेक करून काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, वापरलेला आढळतो. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला कोल्हापुरातला नवा राजवाडाही काळ्याच दगडाचा आहे, आणि घडीव काळा दगड किती टिकतो हे पाहायचे तर त्याच्या भिंतींजवळ उभे राहावे. या पाषाणात अनेकदा लहान पोकळ्या असतात आणि त्यांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. ते चुन्याचे डाग समजून खिळ्याने उकरणारी माणसे मी पाहिली आहेत. ते दगडाचेच अंग आहे. ते निघाले की मागे खड्डा राहतो आणि त्यात पाणी साचते.

संगमरवर आणि शहाबादी फरशी हे दोन्ही मूलतः कॅल्शियम कार्बोनेटचे दगड आहेत, त्यामुळे कोणतेही आम्ल त्यांना विरघळवते. लिंबू, चिंचेचे पाणी, व्हिनेगर, संडास धुण्याचे द्रावण ही सगळी त्यांची शत्रू आहेत. दगड ओळखण्यासाठी लिंबाचा थेंब टाकून फेस येतो का पाहा, असा सल्ला कोणी दिला तरी कबरीवर तो प्रयोग करू नये. तो थेंब तेथली झिलई कायमची घेऊन जातो. अलीकडच्या कबरी ग्रॅनाइटच्या असतात आणि त्यांची देखभाल सर्वांत सोपी. पन्हाळ्याच्या बाजूला जांभ्याच्या समाध्याही दिसतात. तो दगड सच्छिद्र आणि मऊ असल्याने त्याला ब्रशसुद्धा अगदी हलक्या हाताने लावावा.

यानंतर बोटाच्या पेराने दगडावर ठिकठिकाणी टकटक करून पाहावे. भरीव आवाज आला तर पुढे जावे. पोकळ आवाज आला, पापुद्रे सुटत असतील किंवा भेग आरपार गेलेली दिसली, तर स्वच्छता तेथेच थांबवावी, कारण असा दगड आधी दुरुस्तीचा असतो.

तिसरी पायरी: पाण्याने धुणे

सामान फार लागत नाही. दोन बादल्या, स्वच्छ पाणी, नायलॉनचा किंवा नैसर्गिक केसांचा मऊ ब्रश, एक जुना टूथब्रश, स्पंज, बांबूच्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या, आणि पांढरे सुती फडके. रंगीत फडक्याचा रंग ओल्या संगमरवराला लागतो. फवारणीचा पंप सोयीचा पडतो, पण तो नवा घ्यावा. उसावर तणनाशक मारलेला पंप कितीही धुतला तरी त्याच्या नळीत औषध उरते, आणि ते दगडावर जाणे बरे नव्हे. बोअरचे पाणी जड असेल तर तेही टाळावे. ते वाळले की क्षारांची पांढरी साय मागे ठेवते. तारेचा ब्रश, वाळूचा कागद, भांडी घासायची पावडर आणि गाड्या धुण्याचा प्रेशर पंप या वस्तू दफनभूमीच्या दारातून आतच नेऊ नयेत.

सुरुवात भिजवण्याने करावी. संपूर्ण दगड, पाठीमागच्या बाजूसह, पाणी पिऊन तृप्त होईपर्यंत भिजवावा. कोरडा दगड तहानलेला असतो. त्याच्यावर मळके पाणी पडले तर तो मळही शोषून घेतो, पण आधी स्वच्छ पाणी भरलेले असेल तर मळ वरच तरंगतो. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा भिजवावे आणि मग खालून वर, लहान गोलाकार हात फिरवत, घासत जावे. खालून वर अशासाठी, की वरून सुरुवात केली तर घाण पाण्याचे ओघळ खालच्या न धुतलेल्या भागावर उतरतात आणि त्यांचे डाग पडतात. प्रत्येक वीतभर भाग झाला की तो वरून पाणी ओतून साफ करावा. अक्षरांच्या खाचांतली माती ओली असतानाच बांबूच्या काडीने ओढून काढावी. काडी तुटली तरी चालेल, दगडाची कड तुटता कामा नये. इंग्रजी अमदानीतल्या काही संगमरवरी कबरींवर अक्षरे शिशाने भरलेली असतात. तेथे टूथब्रशही लावू नये, फक्त पाणी सोडावे, कारण एकदा निसटलेले शिसे पुन्हा बसवणारा कारागीर सहजासहजी मिळत नाही.

नुसत्या पाण्याने भागले नाही, तरच साबणाकडे वळावे. तो आयनविरहित (नॉन-आयॉनिक) आणि पीएच सातच्या आसपासचा, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कलीही नाही असा असावा, बादलीभर पाण्यात चमचाभर पुरतो, आणि तो दगडावर वाळू देऊ नये. कपड्यांचा साबण चिकट थर ठेवतो, आणि त्याच थरावर पुढच्या पावसात शेवाळ धरते. ब्लीचने शेवाळ एका तासात पांढरे पडते हे खरे, पण त्यातले क्षार दगडात उतरतात, उन्हाळ्यात आतल्या आत स्फटिक होऊन फुगतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटू लागतो.

चौथी पायरी: शेवाळ आणि दगडफूल

हिरवे शेवाळ ओले करून ब्रशने निघते. दगडफूल मात्र चिवट असते. राखाडी, पांढरे किंवा नारिंगी असे हे गोल ठसे वरवर चिकटलेले वाटतात, परंतु त्यांचे तंतू दगडाच्या कणांमध्ये शिरलेले असतात, आणि कोरडे दगडफूल नखाने सोलले तर त्याच्या पाठीला दगडाचे दाणे चिकटून येतात. ते अर्धा तास भिजवावे, फुगून मऊ झाले की बांबूच्या पट्टीने जेवढे सहज सुटेल तेवढेच काढावे आणि उरलेले सोडून द्यावे.

दाट वाढीसाठी बेन्झाल्कोनियम क्लोराइड या जंतुनाशकाचे एक ते दोन टक्क्यांचे द्रावण वापरता येते. हातमोजे आणि चष्मा घालून ते आधी मागच्या कोपऱ्यात लावून पाहावे, रंग बदलला नाही तर पुढे जावे. साबणात ते मिसळू नये. साबणाने त्याचा गुण जातो. पुढे किमान एक दिवस पाऊस नसावा, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातले. द्रावण लावल्याबरोबर काही दिसत नाही. मेलेले दगडफूल आधी तपकिरी पडते, मग पुढच्या काही महिन्यांत ऊनवाऱ्याने आपोआप गळते. त्याला तेवढा वेळ द्यावा.

पाचवी पायरी: मेण, तेल, कुंकू

मेणबत्तीचे मेण बर्फाचा तुकडा फडक्यात धरून कडक करावे आणि लाकडी पट्टीने उचलावे. गरम इस्त्रीने वितळवले तर ते दगडात आणखी खोल जाते. पणतीच्या तेलाचे काळे वर्तुळ ब्रशने निघत नाही. त्यासाठी मुलतानी माती पाण्यात कालवून श्रीखंडाइतकी घट्ट करावी, ओल्या डागावर बोटभर जाड लिंपावी, प्लास्टिकने झाकून एक दिवस ठेवावी, मग प्लास्टिक काढून पूर्ण वाळू द्यावी. वाळताना माती डाग आपल्याकडे ओढते. ती लाकडी पट्टीने काढून पाण्याने धुवावी, आणि गरज पडल्यास दोन-तीन वेळा हेच करावे. हळद-कुंकवाचा रंग संगमरवरात पटकन शिरतो, म्हणून पूजा करायची असल्यास पानावर किंवा ताटलीत करावी. हाराच्या तारेचा आणि लोखंडी फुलदाणीचा गंजही वाईट. हार दोऱ्याचा असावा.

अक्षरे रंगवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. नव्या ग्रॅनाइटमध्ये खाचांतला रंग उडाला असेल तर तो कारागिराकडून भरून घ्यावा; शंभर वर्षांच्या पाषाणावर मात्र ऑइल पेंट लावू नये आणि चमक आणणारा कोणताही लेपही चढवू नये. लेपाखाली ओल कोंडते आणि दगड आतून सोलला जातो. आपल्या गावागावांतल्या वीरगळांची हीच अवस्था आहे. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वरती शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, एवढे सारे कोरलेला दगड शेंदराच्या आणि ऑइल पेंटच्या थराखाली गुळगुळीत होऊन जातो. तो थर उकरण्याच्या भानगडीत पडू नये, ते तज्ज्ञाचे काम आहे. गावकऱ्यांशी बोलून नवा थर थांबवता आला तरी पुष्कळ झाले.

सहावी पायरी: सांधे, झाडे आणि छत

सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप उपटले तर त्याच्याबरोबर दगडही हलतो. ते दगडालगत कापावे, पुन्हा फुटले की पुन्हा कापावे, मूळ वाळू द्यावे. सांध्यांतल्या रिकाम्या फटी सिमेंटने भरू नयेत. सिमेंट जुन्या दगडापेक्षा कडक असते, ओल बाहेर जाऊ देत नाही, आणि मग सांध्याऐवजी दगडाची कड फुटते. भिजवून मुरवलेला चुना एक भाग आणि चाळलेली वाळू तीन भाग असा माल करावा, सांधा ओला करून भरावा, आणि आठवडाभर ओल्या पोत्याने झाकून ठेवावा.

छताचा विचार आपल्या पूर्वजांनी चांगला केला होता. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडहून परतीच्या प्रवासात इटलीत फ्लॉरेन्स येथे निवर्तले. १८७४ मध्ये तेथे नदीकाठी त्यांचे स्मारक झाले, आणि त्यांचा अर्धपुतळा आजही छत्रीखाली आहे. दगडी छत्री पाऊस अडवते आणि चारी बाजूंनी वारा खेळू देते. पत्र्याची शेड बांधायची असेल तर पत्र्यावरून गळणारी पाण्याची धार कबरीवर पडणार नाही, एवढी ती रुंद करावी.

नदीकाठच्या भागात पुराचाही हिशेब ठेवावा लागतो. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली होती. पूर ओसरल्यावर गाळ ओला असतानाच हलक्या पाण्याने सोडवावा. वाळलेला गाळ फावड्याने खरवडताना अक्षरे जातात. पाया भिजलेला असल्याने दगड हलतो का, हे मात्र स्पर्श करण्यापूर्वी बाजूला उभे राहून पाहावे.

कललेल्या दगडाला घरच्या माणसांनी हात घालू नये. तीन फूट उंच, दीड फूट रुंद आणि चार इंच जाड ग्रॅनाइटचे वजन सुमारे ११५ किलो भरते, आणि तो पायावर पडला तर हाड राहत नाही. अनुभवी पाथरवट बोलवावा. तो दगड लाकडी टेकूंवर उतरवून घेईल, पायाखालची भुसभुशीत माती काढून खडी ठासेल आणि ओळंबा लावून दगड पुन्हा उभा करेल. जुने लोखंडी कांब गंजून फुगलेले असतील तर त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलचे घालायला त्याला आवर्जून सांगावे, आणि काम संपेपर्यंत मुलांना त्या ओळीत फिरकू देऊ नये.

पुढच्या वर्षी मोठी धुलाई करायची गरज नसते. पालापाचोळा हाताने उचलावा, पाणी साचते का ते पाहावे, आणि आधीचे फोटो समोर धरून नव्या भेगा शोधाव्यात. दगड शाबूत असेल तर पाण्याने धुणे तीन-चार वर्षांतून एकदा पुरते.