नोकरी सांभाळून ऑनलाइन बीएसएन: अमेरिकेतल्या आरएन परिचारिकांसाठी

अमेरिकेत एनक्लेक्स ही परवाना परीक्षा पास होऊन आरएनचा (नोंदणीकृत परिचारिकेचा) परवाना मिळाला, की डिप्लोमावाली, एडीएन हा दोन वर्षांचा असोसिएट कोर्स केलेली आणि बीएसएन ही नर्सिंगची बॅचलर पदवी घेतलेली यांची वॉर्डातली ड्यूटी सारखीच असते. परवाना एकच, जबाबदारीही तीच. फरक जाणवतो तो पुढे सरकायची वेळ आली की. मॅग्नेट दर्जाच्या (उत्तम नर्सिंगसाठी मानांकन मिळालेल्या) रुग्णालयात नर्स मॅनेजर व्हायचं तर नर्सिंगमधली पदवी लागते. नर्स प्रॅक्टिशनर (रुग्ण तपासून औषध लिहून देऊ शकणारी परिचारिका) व्हायचं असेल तरी बहुतेक वाटा बीएसएनवरूनच जातात. न्यूयॉर्क राज्याने तर डिसेंबर २०१७ मध्ये कायदाच केला: नव्याने परवाना घेणाऱ्या आरएनने दहा वर्षांच्या आत नर्सिंगची पदवी मिळवायची.

म्हणून महाराष्ट्रातून जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून तिकडे गेलेली असो, की तिथल्याच कम्युनिटी कॉलेजात एडीएन केलेली, कधी ना कधी ‘आरएन टू बीएसएन’ हा ऑनलाइन कोर्स समोर येतोच. भारतातून बीएस्सी नर्सिंग करून गेलेल्यांना बहुधा त्याची गरज पडत नाही. परदेशी शिक्षणाच्या मूल्यांकनाच्या अहवालात ती पदवी बीएसएनच्या तोडीची धरली आहे ना, एवढं पाहून घ्यावं.

भारतात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. या कोर्सला प्रवेश घ्यायला अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू आरएन परवाना लागतो आणि ऑनलाइन कोर्सवर व्हिसा मिळत नाही. कोणी एजंट ‘घरबसल्या अमेरिकेची नर्सिंग पदवी, मग व्हिसा’ असं सांगत असेल तर फोन ठेवून द्या. आपल्याकडे जीएनएमनंतरचा सरळ मार्ग म्हणजे इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता असलेला दोन वर्षांचा नियमित पोस्ट बेसिक बीएस्सी. यूजीसीच्या २०२० च्या नियमांनी ऑनलाइन आणि दूरस्थ शिक्षणासाठी जे विषय वर्ज्य ठरवले, त्यात नर्सिंग आहे.

मान्यता तपासा

सीसीएनई, एसीईएन किंवा सीएनईए यांपैकी एका संस्थेची मान्यता त्या ‘नर्सिंग प्रोग्रॅम’ला हवी. विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि प्रोग्रॅमला असणं वेगळं. जाहिरातीत दोन्ही एकाच वाक्यात घुसडलेलं असतं. कॉलेजच्या पानावर विश्वास न ठेवता मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत नाव शोधा. मान्यता नसलेल्या पदवीवर पुढे एमएसएनला (नर्सिंगच्या मास्टर्सला) प्रवेश अडतो, आणि ते कळतं तेव्हा पैसे आणि वर्षं दोन्ही गेलेली असतात. शिवाय तुम्ही राहता त्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना घेण्याची, आणि तिथे प्रॅक्टिकम (प्रत्यक्ष कामाचा भाग) करवून घेण्याची, कॉलेजला परवानगी आहे का, हेही विचारा.

क्रेडिटचा हिशोब: खरा खर्च इथे ठरतो

बीएसएन म्हणजे साधारण १२० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या कामाचं माप). त्यांतली किती आधीच्या शिक्षणातून धरली जातात, यावर तुमचा कोर्स एक वर्षाचा होतो की तीन वर्षांचा, हे ठरतं. दर क्रेडिटमागची फी कमी असलेलं कॉलेज ४० क्रेडिट जास्त करायला लावत असेल तर ते महागच. म्हणून फीचा तक्ता नंतर पाहा. आधी विषयवार क्रेडिट मूल्यांकन लेखी मागा. अंदाजासाठी अनेक कॉलेजांना साधी ट्रान्सक्रिप्टही (शिकलेल्या विषयांचा उतारा) चालते. तीन प्रश्न विचारा: बाहेरची जास्तीत जास्त किती क्रेडिट घेता? तुमच्याकडेच किमान किती करावी लागतात? (हा आकडा बहुधा ३० च्या आसपास असतो.) आणि आरएन परवान्यावर एकगठ्ठा किती देता?

हा तिसरा प्रश्न जीएनएमवाल्यांनी विसरूच नये. जीएनएम ही विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे विषयवार मोजणीत बरंच काही गळतं. परवान्यावर क्रेडिट देणाऱ्या कॉलेजात ते बऱ्यापैकी भरून निघतं.

जीएनएमची कागदपत्रं ही सगळ्यांत वेळखाऊ बाब. गुणपत्रिका पुरत नाही. विषयवार थिअरी आणि क्लिनिकल तास दाखवणारी ट्रान्सक्रिप्ट लागते, आणि ती तुमच्या नर्सिंग स्कूलने सही-शिक्क्यासह बंद पाकिटात थेट मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला पाठवावी लागते. तुम्ही पाकीट फोडून स्कॅन पाठवलंत तर ते बाद. गावाकडून कोणीतरी शाळेच्या ऑफिसात दोन-तीन खेपा घातल्याशिवाय हे काम हलत नाही, असं धरूनच चला आणि प्रवेशाच्या चार-सहा महिने आधी सुरुवात करा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावाही सोबत लावा. एनक्लेक्सच्या वेळी सीजीएफएनएस या परदेशी परिचारिकांची कागदपत्रं तपासणाऱ्या संस्थेकडून (२०२५ पासून तिचं नाव ट्रूमेरिट) अहवाल घेतला असेल तर तोच चालेल का, ते विचारून घ्या. नवा करायचा खर्च वाचू शकतो.

उरतात ते सामान्य विषय: इंग्रजी कॉम्पोझिशन, स्टॅटिस्टिक्स, इतिहास, ह्युमॅनिटीज. हे बीएसएनच्या कॉलेजात महागात करू नका. कम्युनिटी कॉलेजात करा, किंवा परीक्षा देऊन क्रेडिट मिळवा. कॉम्पोझिशनसाठी क्लेप परीक्षा आहे. स्टॅटिस्टिक्सला मात्र क्लेप नाही, डीएसएसटी ही तशीच दुसरी परीक्षा आहे. त्यामुळे ‘क्लेप देऊन स्टॅट उडवते’ असं ठरवून बसू नका. कुठलीही परीक्षा देण्याआधी ‘हे क्रेडिट तुम्ही धराल’ असं कॉलेजकडून ईमेलवर घ्या. फोनवरचं आश्वासन देणारा सल्लागार सहा महिन्यांनी तिथे नसतो.

आठवड्याला किती तास?

एका क्रेडिटला एकूण ४५ तासांचं काम धरतात. तीन क्रेडिटचा विषय म्हणजे १३५ तास. तो १५ आठवड्यांत पसरला तर आठवड्याला ९ तास. ऑनलाइन कोर्समध्ये सर्रास असतो तसा आठ आठवड्यांत कोंबला तर जवळपास १७. बारा तासांच्या तीन ड्यूट्या, वर घर आणि मुलं, यांत एका वेळी एकच विषय झेपतो. दोन घेतले की चौथ्या आठवड्यात बहुधा गाडी घसरते, आणि तोवर पूर्ण फी परत मिळण्याची मुदत उलटून गेलेली असते. एका मागोमाग एक असे वर्षाला पाच विषय केले तर ३० क्रेडिट दोन वर्षांत होतात. वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी सहा महिन्यांची एकरकमी फी असते आणि जमतील तेवढे विषय संपवता येतात. सवड असेल तर ते स्वस्त पडतं. रेंगाळलात तर पुढच्या सहा महिन्यांची फी पुन्हा.

बहुतेक विषयांत चर्चेची पहिली पोस्ट बुधवारी किंवा गुरुवारी आणि दोघांना उत्तरं रविवारपर्यंत, असा क्रम असतो. मुदतीची वेळ कॉलेजच्या टाइम झोनप्रमाणे: ईस्टर्न रात्री ११:५९ म्हणजे कॅलिफोर्नियात ८:५९. शनिवार-रविवार नाइट करणाऱ्यांनी रविवारचं काम शुक्रवारीच उरकावं.

लेखनात मार्क जातात ते नर्सिंग येत नाही म्हणून नव्हे, तर एपीए शैलीमुळे (संदर्भ देण्याची आणि निबंध मांडण्याची ठरलेली पद्धत). सातवी आवृत्ती वापरा. दुसऱ्याचं वाक्य चार शब्द बदलून लिहिणं हीसुद्धा चोरीच धरतात. पाठांतरावर पास होण्याची सवय असलेल्या आपल्या मुलींना इथेच ठेच लागते. कॉलेजचं रायटिंग सेंटर सहसा मोफत असतं. पहिला निबंध तिथे दाखवूनच पाठवा.

पैसे

कंपनी किंवा रुग्णालय शिक्षणासाठी देतं त्यातले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असतात. अनेक ठिकाणी आधी स्वतः भरायचं आणि ठरावीक ग्रेड आल्यावर परतावा, अशी रीत असते, म्हणून पहिल्या विषयाची रक्कम हाताशी ठेवा. मंजुरी नाव नोंदवण्याआधी घ्या. करारातलं ‘इतकी वर्षं नोकरी सोडली नाही तर’ हे कलम नीट वाचा. मधेच सोडलीत तर पैसे परत मागतात. विषय दोन कॅलेंडर वर्षांत वाटले तर दोनदा मर्यादा वापरता येते. ग्रीन कार्ड असेल तर फॅफ्सा (सरकारी शैक्षणिक मदतीचा अर्ज) भरा, सरकारी मदतीला तुम्ही पात्र असू शकता.

प्रॅक्टिकम

ऑनलाइन म्हटलं तरी कम्युनिटी हेल्थ आणि कॅपस्टोन (शेवटचा प्रकल्पाचा विषय) यांत प्रत्यक्ष काम असू शकतं. प्रिसेप्टर (तिथे देखरेख करणारी अनुभवी व्यक्ती) बऱ्याचदा तुम्हालाच शोधावा लागतो, आणि कॉलेज व त्या संस्थेत करार व्हायला महिने लागतात. कराराविना केलेले तास मोजत नाहीत. आपल्याच रुग्णालयात करू दिलं तरी बहुधा दुसऱ्या विभागात आणि पगाराच्या वेळेबाहेर करावं लागतं. त्यामुळे कॅपस्टोनच्या एक सत्र आधीच नाव पक्कं करा आणि त्या सत्रात दुसरा विषय घेऊ नका. कॅलिफोर्नियात पब्लिक हेल्थ नर्सचं प्रमाणपत्रही हवं असेल तर ९० तासांचं देखरेखीखालचं क्लिनिकल लागतं. बाहेरच्या राज्यातल्या कॉलेजात ते असतंच असं नाही, तेव्हा प्रवेशाआधीच विचारा.

शेवटच्या सत्रात पदवीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, तो आपोआप होत नाही. पदवीची नोंद झालेली ट्रान्सक्रिप्ट आली की त्याच आठवड्यात एचआरला द्या. पदवीचा भत्ता असलेल्या काही ठिकाणी तो कागद पोचल्या तारखेपासूनच मोजतात.