पूर्ण गाडी ठरवताय? या चुका टाळा

पार्ट लोडचा, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीत आपला माल पाठवण्याचा वैताग आला की आपण पूर्ण गाडी बघतो. माल मध्ये कुठे उतरत नाही, भोसरीत भरला की थेट बंगळुरूत खाली. पण फोनवर सगळी घासाघीस भाड्यावरच होते आणि बाकीचं ठरवायचं राहूनच जातं.

"सात टनाची पाठवा" असं सांगून मोकळं होऊ नका. 32 फुटी सिंगल एक्सल कंटेनर साधारण सात टन घेतो. आतली रुंदी-उंची आठ-आठ फूट धरली तर जागा दोन हजार घनफूट. थर्माकोल भरलं तर वजन नावालाही होत नाही आणि दार लागत नाही. लोखंड भरलं तर अर्धा तळ झाकायच्या आत पासिंग, म्हणजे गाडीची मंजूर वजनमर्यादा, संपतं. खोक्याचं माप घ्या, एकावर एक किती चढतात ते बघा, मग गाडी सांगा.

"थोडं जास्त चढवू, ड्रायव्हर बघून घेईल" हेही नको. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20,000 रुपये दंड, वर जास्तीच्या दर टनाला 2,000. शिवाय जास्तीचा माल तिथेच उतरवायचा खर्च वेगळा. गाडी रिकामी असतानाची आणि भरल्यावरची, दोन्ही काटापावत्या (वजनकाट्याच्या पावत्या) जपून ठेवा.

आता माझी स्वतःची चूक. जुलै महिना, गाडी उशिरा आलेली, घाईघाईत भरून सोडली. खंबाटकीच्या आसपास पाऊस लागला. कोल्हापुरात दार उघडलं तर वरच्या दोन थरांतली खोकी हात लावला की फाटत होती. छताला भोक होतं. तेव्हापासून भरण्याआधी एक माणूस आत उभा करतो आणि बाहेरून दार लावून घेतो. आत उजेडाचा ठिपका दिसला की गाडी परत. ड्रायव्हर चिडतात, चिडू देत.

त्या बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीवर, 'ओनर्स रिस्क' (जोखीम माल-मालकाची) छापलेलं होतं, तेही मी नंतरच वाचलं. 2007 च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार मालाची जास्त किंमत लेखी जाहीर करून तशी जोखीम ठरवली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादितच राहते. दावा लावायचा तर बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणून ट्रान्झिट विमा आपला आपण काढावा. माल घेणाऱ्यालाही सांगून ठेवा, की पोचेवर सही करताना 'माल ओला मिळाला' असा शेरा मारायचा. कोऱ्या सहीनंतर कोणी ऐकत नाही.

ई-वे बिलाचा, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचा हिशोब सोपा आहे, तरी चुकतो. मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. पुणे-बंगळुरू सुमारे 840 किलोमीटर, म्हणजे पाच दिवस. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत घेतला, तर बिलाच्या भाग 'ब'मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकल्याशिवाय ती हलवायची नाही. मुदत संपत आली तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत वाढवता येते. ड्रायव्हरचा फोन लागत नाही, तो नेमका याच सोळा तासांत.

आणि खोळंबा, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे (हॉल्टिंग). भरायला नि खाली करायला किती तास फुकट, पुढे दिवसाला किती, हमाली कोणाची, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. शुक्रवारी रात्री सोडलेली गाडी रविवारी बंद शटरसमोर उभी राहते आणि सोमवारी हॉल्टिंगचं बिल तुमच्या टेबलावर येतं. गाडी सोडण्याआधी समोरच्या गोदामात एक फोन करा: रविवारी कोण आहे?