हात-खांद्याच्या प्रश्नावलीची चाचणी: या चुका टाळा

हात, कोपर, खांद्याच्या तक्रारींसाठी डॅश ही प्रश्नावली (30 प्रश्न) आणि तिचं छोटं रूप क्विकडॅश (11 प्रश्न) सर्रास वापरतात. आपल्या रुग्णांवर त्या विश्वासानं चालतात का, हे तपासताना घोळ होतो तो बहुतेक ओपीडीत आणि एक्सेल शीटमध्ये. संख्याशास्त्राची पाळी नंतर येते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रिकामं उत्तर शून्य धरणं. डॅशमध्ये शून्य हा पर्यायच नाही. 1 म्हणजे काहीच अडचण नाही, 5 म्हणजे जमतच नाही. मिळालेल्या उत्तरांची बेरीज करा, तिला उत्तरांच्या संख्येनं भागा, 1 वजा करा, 25 नं गुणा. समजा 28 उत्तरं आली आणि बेरीज 84 झाली. सरासरी 3, गुण 50. शीटमधल्या सूत्रात भाजक 30 असाच ठोकलेला असेल, तर गुण येतात 45. डॅशचे गुण कमी म्हणजे हात चांगला, म्हणजे काही उपचार न करता रुग्ण पाच गुणांनी सुधारला! तीनपेक्षा जास्त उत्तरं रिकामी असतील तर डॅशचे गुण काढायचेच नाहीत. क्विकडॅशमध्ये फक्त एक रिकामं चालतं, आणि काम किंवा खेळ-वाद्याच्या ऐच्छिक भागात चारही उत्तरं लागतात.

कोणता प्रश्न रिकामा राहतो, हेही मोजा. लैंगिक संबंधांबद्दलचा 21वा प्रश्न हमखास सुटतो, विशेषतः नातेवाईक शेजारी बसलेले असताना. रुग्णाला एकट्याला बसवून फॉर्म स्वतः भरू द्या.

फॉर्म भरायला मदत करणाऱ्यांच्या सूचना एकसारख्या नसणं हे दुसरं दुखणं. डॅश विचारते ते गेल्या आठवड्यातलं, आणि काम कोणत्याही हातानं केलं तरी चालतं. एखादं काम त्या आठवड्यात केलंच नसेल, तर अंदाजानं उत्तर द्यायचं. पण कोणीतरी हमखास सांगतो, 'फक्त दुखऱ्या हाताचं लिहा.' पुनर्चाचणीला, म्हणजे तोच फॉर्म काही दिवसांनी पुन्हा भरून घेताना, दुसरा माणूस बसला की त्याच रुग्णाचं घट्ट झाकण उघडण्याचं उत्तर 2 वरून 4 वर जातं, आणि खापर प्रश्नावलीवर फुटतं. सूचना छापून द्या. तोंडी भर घालू नका.

पुनर्चाचणी दोन तासांनी घेतली तर रुग्णाला आधीची उत्तरं आठवतात, महिन्यानं घेतली तर हातच बदललेला असतो. एक ते दोन आठवड्यांचं अंतर बरं. मध्ये इंजेक्शन, स्प्लिंट किंवा व्यायाम सुरू झालेले रुग्ण वगळा. 'मागच्या वेळेपेक्षा हात कसा आहे?' हे वेगळं विचारा आणि 'तसाच' म्हणणारेच विश्लेषणात घ्या. असे किमान 50 तरी हवेत. पहिला फॉर्म कागदावर असेल तर दुसरा फोनवर घेऊ नका.

दोन्ही वेळचे गुण किती जुळतात हे बघायला पिअर्सन सहसंबंध (दोन आकडे सोबत वर-खाली होतात का, एवढंच सांगणारा) वापरू नका. दुसऱ्या वेळी सगळ्यांचे गुण बरोबर 10 नं घटले, तरी तो 1 च दाखवतो. संपूर्ण जुळणी मोजणारा आयसीसी (दोन्ही वेळचे गुण प्रत्यक्ष किती सारखे, हे सांगणारा आकडा; 1 म्हणजे तंतोतंत) घ्या आणि त्यावरून मोजमापातली चूकही काढा. प्रमाण विचलन (रुग्णारुग्णांतल्या गुणांचा पसारा) 20, आयसीसी 0.91 असेल तर चूक 20 × √0.09, म्हणजे 6 गुण. तिला 1.96 × √2 नं गुणलं की साधारण 16.6. एका रुग्णात यापेक्षा कमी फरक दिसला, तर तो खरा बदल आहे असं खात्रीनं म्हणता येत नाही. आयसीसी छापून हा आकडा गाळणारे अहवाल दवाखान्यात फारसे कामाचे नाहीत.

क्रॉनबाख अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती मिळतीजुळती, हे सांगणारा आकडा) 0.97 आला म्हणून खूश होऊ नका. 0.95 च्या वर गेला की तेच ते प्रश्न फिरून विचारले जात असण्याची शंका घ्यावी.

वैधतेसाठी, म्हणजे प्रश्नावली मोजायचं तेच मोजते का हे बघण्यासाठी, पकडीच्या ताकदीशी तुलना करताना फार घट्ट नातं अपेक्षित धरू नका. ताकद आणि रोजच्या कामातली अडचण या वेगळ्या गोष्टी आहेत. नातं कोणत्या दिशेचं आणि किती, हे माहिती गोळा करण्याआधी लिहून ठेवा. हाताच्याच मिशिगन या दुसऱ्या प्रश्नावलीशी तुलना केली तर तिचे एकूण गुण जास्त म्हणजे हात चांगला, डॅशचे जास्त म्हणजे वाईट. तिथे सहसंबंधाला उणे चिन्ह आलं तर घाबरून शीट उलटी करू नका.

15 टक्क्यांहून जास्त रुग्ण एकाच टोकाच्या गुणावर अडकले असतील तर आधी रुग्णांची निवड तपासा. सगळेच सौम्य तक्रारीचे घेतले असतील तर तसं होणारच. आणि शीटमध्ये नुसते गुण न ठेवता तीसही उत्तरं वेगळ्या रकान्यांत ठेवा, म्हणजे भाजक चुकला तरी सगळं पुन्हा मोजता येतं.