कंडोम होता, तरी झोप उडाली? लैंगिक आजारांची तपासणी अशी करा

आधी आठवा: कंडोम सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता का, आणि काढला तेव्हा शाबूत होता का? फाटतो तेव्हा तो टराटरा फाटतो, बघताक्षणी कळतं. ‘पण बारीक छिद्र असेल तर?’ या प्रश्नाला मी हल्ली उत्तर देत नाही. हां, खोबरेल तेल लावलं असेल तर वेगळी गोष्ट. तेलाने लॅटेक्स लवकर फाटतं. फाटला किंवा निसटला असेल तर वाचत बसू नका, सरकारी रुग्णालय गाठा. डॉक्टरांना गरज वाटली तर एचआयव्ही रोखणारी ‘पेप’ची औषधं देतात. ती ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि पुढे २८ दिवस घ्यायची असतात.

शाबूत होता? मग एचआयव्हीची भीती जवळपास सोडाच. गनोरिया, क्लॅमिडियाचीही बरीचशी. सिफिलिस, हर्पिस आणि एचपीव्ही (गुप्तांगावर मस आणणारा विषाणू) मात्र न झाकलेल्या कातडीतूनही लागू शकतात. आणि मुखमैथुन? ‘सगळं सेफ होतं’ म्हणणारे बहुतेक जण ते मोजतच नाहीत. मोजा.

आता खरी अडचण: तारीख. माझी फजिती इथेच झाली. सहाव्या दिवशी एका खासगी लॅबमध्ये रक्त दिलं. निगेटिव्ह. दोन रात्री झोपलो, मग कळलं की सहाव्या दिवशीच्या निगेटिव्हला काडीचा अर्थ नसतो. अकराव्या दिवशी पुन्हा गेलो. विसाव्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये, कारण पहिल्या ठिकाणचा मुलगा आता ओळखायला लागला होता. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाखाली मी पेन्सिलीने ठिपके देत होतो. आईला वाटलं, सिलिंडरची नोंद. पैसे गेले ते गेलेच, वर प्रत्येक रिपोर्टनंतर भीती नव्याने सुरू.

म्हणून ठिपके तीनच द्या. घडला तो दिवस शून्य धरायचा. दोन आठवड्यांनी गनोरिया-क्लॅमिडियाची नॅट तपासणी, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी. त्याआधी निदान तासभर लघवीला जायचं नाही आणि डबीत पहिली धार घ्यायची, मधली नाही. लॅबवाले हे सांगायला हमखास विसरतात. बायकांसाठी योनीमार्गातला स्वॅब लघवीपेक्षा चांगला. घशातला संसर्ग लघवीत दिसत नाही, त्याला घशाचाच स्वॅब लागतो. दुसरा ठिपका ४५व्या दिवशी: शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली चौथ्या पिढीची (विषाणूचा अंश आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणारी) एचआयव्ही चाचणी, एवढ्या दिवसांनी ती भरवशाची. बोट टोचून लगेच उत्तर देणारी रॅपिड केली असेल तर निकाल पक्का धरायला ९० दिवस. सिफिलिसची व्हीडीआरएल ही रक्तचाचणीही ९०व्या दिवशीच, तिसरा ठिपका. मधल्या काळात फोड, व्रण, स्राव किंवा लघवीला जळजळ झाली तर कॅलेंडर गुंडाळा, त्याच दिवशी स्किन-व्हीडीच्या (त्वचा आणि गुप्तरोग) ओपीडीत जा. न दुखणारा व्रणही दाखवा. सिफिलिसचा बहुधा दुखतच नाही.

‘फुल एसटीडी पॅनेल’च्या, म्हणजे सगळ्या चाचण्यांच्या एकगठ्ठा पॅकेजच्या, नादी लागू नका. त्यातली हर्पिसची आयजीएम चाचणी तर घेऊच नका. ती नसलेला आजार दाखवते आणि माणूस महिनोन्‌महिने गूगल करत बसतो.

एचआयव्हीसाठी जायचं कुठे? जिल्हा रुग्णालयातलं आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्र. फुकट. समुपदेशकाला दिवस खरे सांगा, लाजून दोन आठवडे वाढवू नका. तुमच्या संमतीशिवाय चाचणी नाही आणि निकाल गुप्त, हे २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातच आहे. फोनवर विचारायचं तर १०९७, टोल फ्री.

तिसऱ्या ठिपक्यानंतर नवं काही घडलं नसेल तर निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह, चौथी लॅब शोधायची नाही. हेपटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर ती मात्र घ्या: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात.